कुत्रं चावलं सोलापुरात, पॉलिसी जर्मनीची: एका परदेशी तंत्रज्ञाचं प्रकरण

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात नवा रॅपियर माग (धोट्याशिवाय विणणारा) किंवा नक्षी विणणारा जॅकार्ड आला की तो बसवायला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, दोन-तीन आठवडे राहतो आणि जातो. त्याच्या जेवणाची, बाटलीबंद पाण्याची, एसीची सोय कारखानदार मन लावून करतो. आजारपणाचा विषय निघाला की मात्र ‘त्यांचा इन्शुरन्स असतो ना’ एवढ्यावर बोलणं संपतं.

त्या इन्शुरन्सचं प्रत्यक्षात काय होतं, ते या प्रकरणातून मांडलं आहे. प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा प्रसंगांत जे जे घडतं ते एका माणसावर रचलेलं आहे. औषधांच्या मात्रा, वेळापत्रकं आणि विम्याचे नियम मात्र खरे आहेत. प्रवासी आरोग्यविम्याची सगळी यंत्रणा रुग्णालयात भरती झालेल्या माणसासाठी बांधलेली असते. कुत्रं चावलेल्या माणसाला बहुतेक वेळा भरती करायचं कारणच नसतं. त्याला लागतात रेबीज टाळणारी ओपीडीतली दोन औषधं, तीही लगेच. पुढचा सगळा घोळ या फरकातून झाला.

माणूस, पॉलिसी आणि ती सकाळ

तंत्रज्ञ जर्मनीचा, वय ४६, वजन ९० किलो, रक्तदाब-मधुमेह काही नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात काम, मुक्काम कंपनीच्याच गेस्ट हाउसमध्ये. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला तो फिरायला निघाला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीजवळ पडलेल्या कुत्र्यांपैकी एकानं मागून येऊन उजवी पोटरी धरली. पँटीला दोन भोकं, आत दातांच्या दोन खोल खुणा, शेजारी एक लांब ओरखडा आणि मोज्यापर्यंत ओघळलेलं रक्त.

त्याच्यामागे कागदावर तीन विमे होते. पहिला जर्मनीतला नेहमीचा सार्वजनिक आरोग्यविमा. तो युरोपात आणि करार असलेल्या मोजक्या देशांत चालतो, भारतात नाही. मात्र नोकरीनिमित्त परदेशी पाठवलेल्या माणसाच्या उपचाराचा खर्च आधी त्याच्या मालक कंपनीनं करायचा आणि मग विमा संस्थेनं कंपनीला तो घरच्या दरापुरता परत द्यायचा, असा तिथला कायदा आहे. दुसरा कामगार अपघात विमा. तो परदेशातल्या कामालाही लागू होतो, पण अपघात कामाशी जोडलेला असावा लागतो. शिफ्टच्या आधी पाय मोकळे करायला निघालेल्या माणसाला कुत्रं चावलं, तर ते खासगी कामातच धरलं जाण्याची शक्यता जास्त. तिसरी कंपनीनं काढलेली समूह प्रवास आरोग्य पॉलिसी. प्रकरण तिच्यावरच चाललं. तातडीची ओपीडी समाविष्ट, पहिले १०० युरो रुग्णाचे, चोवीस तास मदत क्रमांक.

पर्यटनाच्या स्वस्त पॉलिसीवर कामाला येणारेही कमी नाहीत. अशा पॉलिसींत बहुतेकदा ‘अंगमेहनतीचं काम’ वगळलेलं असतं. मागाखाली पाना घेऊन झोपणारा माणूस त्यात सरळ बसतो. बोटं यंत्रात सापडली तर त्या पॉलिसीचा उपयोग नाही. पाहुण्याच्या विमानाचं तिकीट निघण्याआधी पॉलिसीचा प्रकार विचारावा, तो यासाठी.

पहिला तास

गेस्ट हाउसच्या वॉचमननं सुचवलं, ‘लाल तिखट भरा ओ जखमेत, विष जळून जातंय.’ आचाऱ्याला हळद आठवली. सुदैवानं रात्रपाळीचा सुपरवायझर तिथंच होता आणि त्यानं ‘आधी नळाखाली पाय धरा साहेब’ म्हणून पाय धुवायला लावला. पण धुणं जेमतेम दोन मिनिटं झालं. वर जंतुनाशक ओतलं आणि रुमाल आवळून बांधला.

रेबीजचा विषाणू चावल्याबरोबर मेंदूकडे धावत नाही. काही काळ जखमेतल्या ऊतींतच असतो. त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं आणि साधा साबण ते फोडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते ते घड्याळ लावून १५ मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, साबणानं. नंतर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक. जखम उघडी ठेवायची, आवळून बांधायची नाही. टाके शक्यतो घालायचे नाहीत. घालावेच लागले तर जखमेत प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी तयार प्रथिनं) भरल्यानंतर आणि सैल. तिखट, चुना, तेल यांनी जखम चिडते आणि नंतर ती धुणं अवघड होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, पण त्यासाठी धुणं टाळायचं कारण नाही. टाकीतलं पाणी कुणी मगानं सतत ओतत राहिलं तरी चालतं, बोअरचंही चालतं. या रुग्णाची जखम पुढे दवाखान्यात पुन्हा पूर्ण १५ मिनिटं धुतली. उशिरानं धुतलेली जखमही न धुतलेल्या जखमेपेक्षा बरी.

तोवर सात वाजले होते, म्हणजे जर्मनीत पहाटेचे साडेतीन. तिकडच्या कार्यालयात कोणी नाही. पॉलिसी क्रमांक लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप कारखान्यात. तो मिळेपर्यंत पाऊण तास गेला. मदत क्रमांकावरच्या बाईंनी नाव, जन्मतारीख, पॉलिसी क्रमांक, घटनेची वेळ नीट लिहून घेतली आणि सांगितलं की आमच्या करारातलं सर्वांत जवळचं रुग्णालय पुण्यात आहे, पुढचं कळवतो.

इथं गाडी अक्षरशः पुण्याकडे वळली. २५० किलोमीटर, चार-साडेचार तास. ‘त्यांचा इन्शुरन्स म्हणतोय तर तिथंच नेऊ, उगा आपल्यावर नको’ हा व्यवस्थापकाचा विचार ऐकायला जबाबदारीचा वाटतो. पण पुण्यात जे मिळणार होतं ते सगळं सोलापुरात होतं. करारातल्या रुग्णालयाचा फायदा भरतीच्या वेळी. तिथं विमा कंपनी रुग्णालयाला पैशांची हमी देणारं पत्र पाठवते आणि कॅशलेस होतं. ओपीडीचे पैसे पुण्यातही खिशातूनच भरायचे आणि नंतर मागायचे. मालकांच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी फोनवर दोन वाक्यांत हे सांगितलं आणि गाडी शहरात आली.

मदत क्रमांकावर नोंद करणं चूक नव्हतं. भरतीच्या प्रकरणात ठरावीक तासांत कळवण्याची अट अनेक पॉलिसींत असते आणि ओपीडीतही नोंदीचा संदर्भ क्रमांक पुढे कामाला येतो. चूक होती ती क्रमाची. धुणं, मग डॉक्टर, मग फोन. फोन करायला दुसरा माणूस लावता येतो.

‘सगळ्या लसी घेतल्यात’

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रेबीजची लस आधी घेतली होती का? तंत्रज्ञ म्हणाला, भारतात येण्यापूर्वी सगळ्या लसी घेतल्यात. दुभाषा नव्हता, इंग्रजी दोघांचंही बेताचं. डॉक्टरांनी तोंडी उत्तर न मानता लसीकरणाची पिवळी पुस्तिका मागवली. त्यात हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात होते, रेबीज नव्हती.

पुस्तिका आणायला गेलेली ती वीस मिनिटं सार्थकी लागली, कारण इथून उपचाराचे दोन वेगळे रस्ते फुटतात. आधी पूर्ण लस घेतलेल्या माणसाला चावल्यानंतर फक्त दोन डोस लागतात, त्याच दिवशी (तो दिवस शून्य धरतात) आणि तिसऱ्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. न घेतलेल्याला रक्त आलेल्या चाव्यात लसीचा पूर्ण कोर्स आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला लावते, पण त्याला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढ्या काळात जखमेतल्या विषाणूला तिथंच अडवायला बाहेरून तयार प्रतिपिंडं भरावी लागतात. आधी लस घेतलेल्याची स्मृती शरीरात असते, दोन डोसांत ती जागी होते.

चाव्याची वर्गवारीही इथंच ठरते. चाटणं, पण कातडी शाबूत: पहिला वर्ग, उपचार नको. रक्त न येता खरचटणं: दुसरा वर्ग, फक्त लस. कातडी फुटून रक्त येणं किंवा तोंड-डोळ्यांत लाळ जाणं: तिसरा वर्ग, लस अधिक प्रतिपिंडं. पँटीवरून चावलं म्हणून वर्ग खाली येत नाही. रक्त आलं की तिसराच.

नव्वद किलो आणि सहा वायल

इम्युनोग्लोब्युलिन वजनावर मोजतात. मानवी रक्तापासून केलेलं २० युनिट प्रति किलो, घोड्याच्या रक्तापासून केलेलं ४० युनिट प्रति किलो. नव्वद किलोला मानवी १८०० युनिट. बाजारातली वायल (औषधाची छोटी बाटली) ३०० युनिटची, २ मिलिलिटरची. म्हणजे सहा वायल, १२ मिलिलिटर. घोड्याचं ३६०० युनिट, ५ मिलिलिटरची वायल १५०० युनिटची, म्हणजे तीन वायल, तिसरी अर्ध्याहून कमीच वापरायची. आकारमान इथंही १२ मिलिलिटर. तिसरा पर्याय प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड ३.३३ युनिट प्रति किलो देतात, नव्वद किलोला ३०० युनिट. या तिन्ही आकड्यांची आपसात तुलना करायची नाही. औषधं वेगळी, मोजमाप वेगळं. मुद्दाम सांगायचं कारण असं की दुकानात एक नसेल तर ‘त्याच युनिटचं दुसरं द्या’ म्हणणारे भेटतात.

औषधाच्या दुकानात मानवी इम्युनोग्लोब्युलिनच्या दोनच वायल निघाल्या. एका वायलची किंमत हजारांत असल्यानं दुकानदार साठा करत नाहीत. दोन प्रस्ताव आले. बाकीच्या चार वायल हैदराबादहून किंवा पुण्याहून येईपर्यंत थांबू, हा एक. दोन आज देऊ आणि चार उद्या दंडात देऊ, हा दुसरा. डॉक्टरांनी दोन्ही नाकारले.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये भूमिका बदलली आहे. वजनावर काढलेला आकडा ही वरची मर्यादा. औषध जायला हवं ते जखमेत आणि जखमेभोवती, शरीराच्या त्या भागात जेवढं मावेल तेवढं. उरलेलं लांब मांडीत किंवा दंडात टोचायची गरज नाही, त्याचा फायदा नगण्य. पोटरीवरच्या दोन खुणा आणि एक ओरखडा यांत १२ मिलिलिटर मावतच नाही. इथं साधारण ५ मिलिलिटर गेलं, म्हणजे ७५० युनिट. तिसरी वायल शहरातल्याच दुसऱ्या दुकानात दुपारपर्यंत मिळाली. बोटाच्या टोकावर चावलं असतं तर याहून कमी मावलं असतं आणि तिथं जोर लावून भरलं तर रक्तपुरवठा अडतो. उलट अंगभर चावे घेतलेल्या लहान मुलाला औषध अपुरं पडतं, तेव्हा ते सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेपर्यंत पोहोचवतात.

सुई जखमेच्या कडेनं आत जाते, थोडं औषध सोडते, पुन्हा वेगळ्या कोनातून जाते. दुखतं. रुग्णाला हे आधी सांगायचं. कारण परदेशी माणसाला इंजेक्शन दंडात अपेक्षित असतं आणि जखमेतच सुई घातलेली पाहून तो हे चुकीचं चाललंय समजून थांबवतो. इथंही त्यानं हात धरला. डॉक्टरांनी मोबाइलवर जागतिक आरोग्य संघटनेचं पान उघडून दाखवलं, मग सोडला.

लसीचा पहिला डोस मात्र इम्युनोग्लोब्युलिनसाठी थांबवला नव्हता. साडेनऊलाच डाव्या दंडाच्या स्नायूत दिला. वायल जमेपर्यंत वेळ लागला तरी इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या डोसानंतर सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं आणि बाहेरची त्यात अडथळा आणतात. लस आणि प्रतिपिंडं एका सिरिंजमध्ये किंवा एका जागी कधीच नाहीत. लस ढुंगणात तर नाहीच. तिथल्या चरबीत ती लागू पडत नाही.

घोड्याचं औषध परदेशी माणसाला देऊ नये असा एक गैरसमज आहे. आताचं शुद्ध केलेलं औषध चालतं, त्याआधी कातडीवर चाचणी घेण्याची शिफारसही जागतिक आरोग्य संघटना करत नाही. ॲलर्जीसाठी ॲड्रिनॅलिन हाताशी असावं, एवढंच. मानवी औषध न मिळाल्यास थांबण्यापेक्षा घोड्याचं घेतलेलं कधीही चांगलं.

सिव्हिल की खासगी

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुसरा डोस. कारखान्याच्या एचआरनं सुचवलं की सिव्हिलला लस जवळजवळ फुकट मिळते, तिकडे नेऊ. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात रेबीजची लस रोज दिली जाते आणि सोलापूरकरांचं काम तिच्यावरच चालतं. लसीत फरक नाही. फरक देण्याच्या पद्धतीत आहे.

सरकारी रुग्णालयांत लस कातडीत देतात. ०.१ मिलिलिटर, दोन जागी, दिवस ०, ३, ७ आणि २८. एका वायलमध्ये अनेकांचं भागतं, परिणाम तितकाच. खासगीत ती स्नायूत देतात. एक पूर्ण वायल, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. मधेच पद्धत बदलली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. तरीही इथं बदल टाळला. तंत्रज्ञ बाराव्या दिवशी निघणार होता. उरलेले डोस जर्मनीतला डॉक्टर देणार आणि त्याला कातडीतल्या लसीची सवय नाही. दोन डोस एका पद्धतीचे, एक दुसऱ्या पद्धतीचा, असा कागद पाहिला की सावध डॉक्टर सगळं पुन्हा सुरू करतो किंवा प्रतिपिंडांची रक्तचाचणी लावतो. तिकडच्या वेळापत्रकांतही भिन्नता आहे. जर्मनीत सोलापुरातल्यासारखं पाच डोसांचं चालतं, शिवाय पहिल्याच दिवशी दोन, मग सातव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक असंही चालतं. ब्रिटनमध्ये चार डोस, अमेरिकेत चार पण वेगळ्या दिवशी. त्यामुळे सुरू केलेलं वेळापत्रक आणि पद्धत कागदावर ठळक लिहून तेच पुढे न्यायचं.

स्थानिक कामगाराला हाच प्रश्न आला तर उत्तर उलटं आहे: सिव्हिलला जा, सगळे डोस तिथंच घ्या. मलेरिया टाळायला क्लोरोक्विन घेणाऱ्या प्रवाशाला मात्र कातडीतली लस कमी लागू पडू शकते, त्याला स्नायूतली दिलेली बरी.

टपरीवाल्याचं म्हणणं होतं की ‘आमचंच हाय ओ ते, रोज पाव खातंय, कुणाला चावत नाय.’ कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर राहून ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवता येतात, कारण लाळेतून रेबीज पसरवणारं कुत्रं तेवढ्या दिवसांत स्वतःच आजारी पडून मरतं. उपचार मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायचा, दहा दिवस वाट पाहत बसायचं नाही. इथं दहाव्या दिवशी टपरीजवळ एक कुत्रं दिसत होतं. ते तेच होतं याची खात्री कुणी देऊ शकलं नाही. डोस चालू ठेवले.

बिलं

शुक्रवारपर्यंत जमलेले कागद पाहिले तर क्लेम तिथंच अडकणार होता. औषधाच्या दुकानाचं बिल कारखान्याच्या नावानं, कारण जीएसटी क्रमांक द्यायची सवय. त्यावर रुग्णाचं नाव नाही. दवाखान्याच्या पावतीवर ‘इंजेक्शन चार्जेस’ एवढंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान नाही. तिसऱ्या वायलचं बिल दुसऱ्या दुकानाचं आणि तारीख चुकलेली.

जर्मनीतल्या क्लेम खात्यात बसलेला माणूस सोलापूर पाहिलेला नसतो. त्याला कागदावरून तीन गोष्टी जुळवायच्या असतात: हाच विमाधारक, हाच प्रसंग, हाच खर्च. म्हणून रुग्णाचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं, प्रत्येक बिलावर. निदानात चाव्याची तारीख, वेळ, जागा, शरीराचा भाग आणि वर्ग. प्रत्येक औषधाचं नाव, बॅच नंबर, मात्रा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. पैसे कोणी भरले त्याचा पुरावा. सगळं इंग्रजीत, आणि मूळ कागदांचे फोटो त्याच दिवशी, कारण थर्मल कागदावरचं बिल सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवस राहिलं की कोरं होतं.

बॅच नंबरचं स्टिकर वायलवरून काढून लसीकरण कार्डावर चिकटवायचं. ते क्लेमपुरतं नाही. परदेशातला डॉक्टर लस कोणती, कुठल्या बॅचची हे विचारतोच. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. दुकानातून दवाखान्यापर्यंत ती बर्फाच्या पिशवीतच न्यावी, स्कूटरच्या डिकीतून नको.

पैशांचा प्रश्न वेगळाच. त्याचं परदेशी कार्ड दुकानाच्या मशीनवर नाकारलं गेलं, यूपीआय त्याच्याकडे नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशीचे पैसे सुपरवायझरनं स्वतःच्या फोनवरून भरले. विमा कंपनी विमाधारकालाच परतावा देते, तिसऱ्याला नाही. तोडगा असा निघाला: दुकानदार आणि दवाखान्यानं रुग्णाच्या नावे दुरुस्त बिलं दिली, तंत्रज्ञानं एटीएममधून रोख काढून सुपरवायझरला दिले आणि त्याची सही केलेली पावती जोडली. कारखान्यानं आपल्या खात्यातून भरून नंतर परदेशी कंपनीला बिल लावायचं ठरवलं असतं तर ते हिशेबात आलं असतं खरं, पण त्या परकीय चलनाच्या नोंदींचा ताप रकमेच्या मानानं फार होता.

दुरुस्त बिलं मागायला संकोच वाटतो, पण त्याच आठवड्यात मागितली तर कुणीही देतं. महिन्याभरानं मागितली तर बिलबुक संपलेलं असतं.

इथंच परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्मही निघाला, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद यजमानानं करायची असते. हॉटेलांना हे माहीत असतं, कंपनीच्या गेस्ट हाउसना नसतं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं भरती केलेल्या परदेशी रुग्णाची माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयांवरही टाकली आहे. या प्रकरणात भरती नव्हती, पण मुक्काम वाढवावा लागला असता तर न भरलेला सी फॉर्म पहिली अडचण ठरला असता. त्या दिवशी तो भरला.

रुग्णाला दुसरीकडे हलवण्याच्या खर्चाचं एक कलम पॉलिसीत असतं, त्याचं या प्रकरणात काही काम पडलं नाही. तरी कारखानदारानं एवढं लक्षात ठेवावं की रुग्णाला पुण्याला, हैदराबादला की मायदेशी न्यायचं हे विमा कंपनीचा डॉक्टर ठरवतो. नातेवाइकांनी किंवा यजमानांनी स्वतः ठरवून हलवलं तर तो खर्च मिळत नाही. खऱ्या आणीबाणीत मात्र १०८ ला फोन करून आधी शहरातच स्थिर करायचं, परवानगीचं नंतर बघू.

उरलेले दोन डोस

सातव्या दिवसाचा डोस मंगळवारी दिला. रविवारी पहाटे मुंबईहून विमान. त्याच्यासोबत डॉक्टरांनी एक पानी पत्र दिलं: कधी, कुठं, कोणत्या वर्गाचा चावा, जखम कशी धुतली, धनुर्वाताची लस चालू मुदतीत असल्यानं दिली नाही, कोणतं प्रतिजैविक किती दिवस, मानवी इम्युनोग्लोब्युलिन कमाल १८०० युनिट, प्रत्यक्षात ७५० युनिट जखमेत, २०१८ च्या शिफारशीनुसार, बाकी स्नायूत दिलं नाही, लस स्नायूत, दिवस ०, ३, ७ पूर्ण, १४ आणि २८ बाकी, तारखांसह.

‘प्रत्यक्षात ७५०’ आणि त्यामागचं कारण लिहिलं नसतं, तर तिकडचा डॉक्टर नव्वद किलोच्या माणसाला निम्म्याहून कमी औषध मिळालं असंच म्हणाला असता. पत्रामुळे चौदाव्या दिवसाचा डोस जर्मनीत उतरून दोन दिवसांत, कुठलाही प्रश्न न निघता मिळाला.

एक गोष्ट मात्र सुटली होती. प्रवास पॉलिसी घरी पोहोचताच संपते. चौदावा आणि अठ्ठाविसावा डोस त्या पॉलिसीत येत नाहीत. ते घरच्या आरोग्यविम्यातून घ्यावे लागतात आणि त्यासाठी सोलापूरचंच पत्र लागतं. तंत्रज्ञानं सगळे मूळ कागद क्लेमसोबत पोस्टात टाकून दिले असते तर डॉक्टरकडे दाखवायला काही राहिलं नसतं. एचआरनं रंगीत छायाप्रतींचा दुसरा संच दिला होता म्हणून निभावलं.

क्लेम १०० युरो वजा होऊन मंजूर झाला. कापलं गेलं ते टॅक्सीचं भाडं, कारण पावती हातानं लिहिलेली आणि गाडी क्रमांकाविना होती; आणि तिसरी वायल आणणाऱ्याला दिलेले पैसे, ज्यांची पावतीच नव्हती. विमा कंपनीनं एकच शंका विचारली: तीन वायल घेतल्या, नोंद अडीचची, उरलेली कुठं? वायल उघडली की उरलेलं औषध साठवता येत नाही, हे डॉक्टरांनी दोन ओळींत लिहून दिल्यावर तिन्ही वायलची पूर्ण रक्कम धरली गेली.

त्यानंतर कारखान्यानं यंत्र पुरवठादारांना पाठवायच्या ईमेलमध्ये एक परिच्छेद घातला. येणाऱ्या तंत्रज्ञानं किमान महिनाभर आधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळापत्रकात दिवस ० आणि ७ असे दोन डोस, काही देशांत तीन. पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो, पॉलिसीचं पहिलं पान आणि मदत क्रमांक एचआरकडे आधीच पाठवावा. लस घेऊन आलेल्या माणसाला उद्या चावलं तर धुणं आणि दोन डोस. वायलसाठी शहरभर फिरायला नको.